मुठीमुठीचं पीठ

ही गोष्ट मी लोकांना अर्धीच सांगते. उरलेली अर्धी आजवर कोणाच्या कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्या नाही, मुलीच्या नाही. देवापुढे बसले आणि त्या उरलेल्या भागाशी आले, की मी उठते, चुलीवर दूध आहे म्हणून. दूध कधी उतू गेलेलं नाही.

हे वाचणारे तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, ते बरंच आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघत सांगावं लागतं, आणि तोंडाकडे बघितलं की मी वाक्य बदलते. खानावळ चालवणाऱ्या बाईला ही सवयच लागते. समोरच्याला काय रुचेल ते ताटात आधी पडतं.

तर आधी ती रुचणारी अर्धी सांगते.

नागपूरच्या गणेशपेठेत, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. आज वर दोन खोल्या आहेत, गॅस आहे, बसायला बाकं आहेत. मी सांगते आहे ते टंचाईचं साल, रेशनवर लाल ज्वारी मिळायची तेव्हाचं. मिलो म्हणायचे तिला. तेव्हा आमची एक खोली होती, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत दोन चुली. हे शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम होते, रविवारी तेवढे घरी यायचे. खानावळ मीच चालवायचे.

नागपूरकरांना अधिवेशन काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. हिवाळ्यात काही आठवडे सगळं सरकार मुंबईहून उठून आमच्याकडे येतं. मंत्री येतात, आमदार येतात, त्यांचे कारकून, ड्रायव्हर, पेपरवाले आणि कामं काखेत मारून फिरणारी माणसं येतात. त्यांची भाषणं पेपरात छापून येतात. पण गावाला त्यातलं काय दिसतं? धंतोलीत खोल्या भाड्यानं जातात. सायकलरिक्षावाले जेवायला थांबत नाहीत. संत्र्यांच्या पेट्या बांधल्या जातात, टाइपिंगवाल्यांची बोटं दुखतात, पानठेले उशिरापर्यंत उघडे. आणि आम्ही खानावळवाल्या वर्षाची डाळ त्या दिवसांत भरून ठेवायचो. भाषणांत लोकशाही, समाजवाद असे शब्द असायचे. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या दिवसांत तवा थंड व्हायचा नाही, एवढंच.

शिवाय मोर्चे येतात. ज्याचं काही गाऱ्हाणं असेल तो त्याच दिवसांत येतो. पोलीस रस्त्यात अडवतात आणि मोर्चा तिथंच बसतो. आता यातली एक गोष्ट पेपरात येत नाही. मंत्री मोर्चाला लगेच भेटत नाही. निरोप येतो, साहेब सभागृहात आहेत, चारपर्यंत थांबा. चारला येतो, पाचपर्यंत थांबा. मोर्चा चिवटपणे बसून राहिला, तर शेवटी चार-पाच जणांना आत बोलावतात, कधी काही पदरातही पडतं. मोर्चा उठला की प्रश्न संपला. म्हणजे सगळा खेळ बसण्याचा. आणि उपाशी माणूस किती वेळ बसेल? पोराला घेऊन आलेली बाई किती वेळ बसेल? मोर्चा घोषणांवर बसत नाही, भाकरीवर बसतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्याही लोकांना ठाऊक होतं.

खेड्यांतले मोर्चे माझ्याकडे जेवायचे, त्याची एक पद्धत होती. मोर्चा ठरला की बाया घरोघर फिरून मूठमूठ धान्य गोळा करायच्या. आदल्या दिवशी पोती एस.टी.च्या टपावर टाकून माझ्याकडे पाठवायच्या. मी दळून आणायचे, गल्लीतल्या बाया हाताशी घेऊन भाकरी थापायचे, झुणका करायचे आणि हातगाडीवर घालून मोर्चा बसला असेल तिथं पोचवायचे. मजुरी म्हणून त्यातलंच थोडं पीठ ठेवून घ्यायचे. कागद नाही, पावती नाही. स्टँडजवळ म्हणून मी सोयीची, आणि कोणाचं धान्य कोणाच्यात मिसळत नाही म्हणून माझं नाव होतं.

नाव. असो. पुढे सांगते.

शेवंता माझी भिवापूरची मैत्रीण. भिवापूरची मिरची तुम्ही खाल्ली असेल. ती वाळली की देठ खुडायला बायापोरी ओळीनं बसतात, त्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. लहानपणी आम्ही दोघी एका सातऱ्यावर शेजारी-शेजारी बसायचो. दिवसभर देठ खुडले की हाताची नुसती आग. मी घरून लोटाभर ताक चोरून आणायचे, आणि त्या एका लोट्यात आम्ही दोघी आपापला हात बुडवून बसायचो. आईला कळलं तेव्हा तिनं तो लोटा पुन्हा घरात घेतला नाही. आम्ही कुणबी, शेवंताच्या घरचे तेव्हा गावाबाहेर राहायचे. मग माझं लग्न झालं, मी नागपूरला आले. छप्पन्न साली तिच्या घरचे सगळे दीक्षेला नागपूरला आले, बौद्ध झाले. परत जाताना ती माझ्या दारी आली, पाणी मागितलं आणि पडवीत पाय दुमडून, बसून प्यायली. उभ्यानं नाही. 'आता बसूनच पेत असतो,' म्हणाली आणि हसली.

तिला उमरेडला दिलं. तिथं ती बिड्या वळायची. पान आणि तंबाखू ठेकेदार द्यायचा, बायांनी घरी बसून बिड्या वळायच्या आणि संध्याकाळी नेऊन द्यायच्या. तिथं ठेकेदार त्यातल्या काही बाजूला काढायचा, ही सैल, ही वाकडी. याला छाट म्हणायचे. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही. बरं, खराब म्हणून त्या फेकल्या का? नाही. त्याच बिड्या बंडलात बांधून बाजारात जायच्या. शेवंतानं बाया जमवल्या, त्यांत बौद्ध होत्या, कोष्टी होत्या, कुणबी होत्या. मजुरी वाढवा असंही ती म्हणत नव्हती. तिची मागणी एकच होती. छाट काढली तर ती आमच्या डोळ्यांसमोर मोडा. खराब आहे ना? मग मोडा.

साधी मागणी आहे की नाही? पण ती मान्य केली तर कारखान्याचा नफा कुठून येतो ते उघडं पडत होतं. तो कारखाना तिकडच्याच एका आमदाराच्या मेव्हण्याचा. आमदारांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. निवडणुकीतल्या जीपा कोणाच्या, त्यांत डिझेल कोण भरतं, हे उमरेडच्या पोराटोरांना ठाऊक होतं. शेवंता बायांना सांगायची, 'आपलीच छाटलेली बिडी जीपीत बसून आपल्याच दारात मतं मागाले येते वं, अन् आपण तिले हळदीकुंकू लावतो.' बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

मोर्चाच्या आदल्या दिवशी तिची पोती आली. टंचाईतल्या मुठी त्या. कोणी रेशनची लाल ज्वारी टाकली होती, कोणी घरची पांढरी, कोणी तांदळाची कणी, कोणी मूठभर लाखोळीची डाळ. मी त्याच संध्याकाळी सगळं दळून आणलं. पडवीत उंदीर फार, म्हणून पिठाचे डबे आत खोलीत पलंगाखाली सरकवले आणि वरून चादर सोडली.

सकाळी मी झुणक्याचा कांदा चिरत होते, तेव्हा गुलाबराव आले. भाऊसाहेबांचं नागपुरातलं काम ते बघायचे. माणूस वाईट बोलणारा नव्हता, उलट गोडच. सरळ आत आले, पलंगावर मांडी घालून बसले.

'वहिनी, चहा पाजा. साखर बाजारात नाही म्हणतात, पण तुमच्याकडं असंन. परमिट आपणच करून देल्लं होतं नं?'

मी चहा टाकला. ते इकडच्या-तिकडच्या गप्पा करत राहिले. मग म्हणाले, बंदोबस्ताला बाहेरगावचे पोलीस आले आहेत, त्यांच्या जेवणाचं काम कोणाला तरी द्यायचं आहे. उद्यापासून सुरू, अधिवेशन संपेपर्यंत, आणि नीट झालं तर दर वर्षी. 'भाऊसाहेब म्हणाले, वहिनीच्या हाताले चव आहे.' मग कप खाली ठेवून सहज विचारावं तसं विचारलं, 'तुमच्या चक्कीचे लाइट सकाळपासून गेले आहेत नं?'

'नाही तं. आहेत,' मी म्हटलं.

'जातात न वहिनी,' ते हसले. 'लाइटचं काय, कवाही जातात.'

ते ज्या पलंगावर बसले होते त्याच्याच खाली पीठ होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं धान्य अजून दळायचंय. म्हणजे मी नुसतं म्हणाले असते, की गुलाबराव, पीठ कालच आलं, आता माझा इलाज नाही, तरी चाललं असतं. मोठी हिंमत लागत होती असं नाही. ते चिडले असते, काम दुसऱ्या कोणाला गेलं असतं, पुढच्या महिन्यात साखरेला रांगेत उभं राहावं लागलं असतं. एवढंच.

मी म्हटलं, 'पाहते.'

दुपारी शेवंता धावत आली. पायात चप्पल नव्हती, पदराला मोर्चाची फीत टाचलेली.

'मालती, झाल्या का वं भाकरी? बाया येऊन बसल्या. पोरायनं भोकाड पसरलं.'

'अवं, लाइटच नाही सकाळपासून. ज्वारी चक्कीवरच पडून हाय.'

'मंग दुसऱ्या चक्कीवर नेतो मी. डोक्यावर नेतो.'

'चक्कीवाला कुलूप लावून गेला.'

ती आत आली आणि त्याच पलंगावर टेकली, घाम पुसत. मी तिला पाणी दिलं. तिच्या टाचा चादरीला लागत होत्या. माझं सगळं लक्ष त्या टाचांकडे होतं. ती पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, 'असू दे. तुहा काय दोष त्याच्यात?' आणि गेली.

दिवस कलता मी पिशवी घेऊन भाजीला निघाले. भाजी नको होती. मोर्चा बसला होता त्या रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. चारचा निरोप पाचवर गेला होता. कोणी मुरमुरे वाटत होतं, ते कोणाला पुरणार? उमरेडकडची शेवटची सोयीची गाडी चुकेल म्हणून आधी पोरंवाल्या उठल्या, मग म्हाताऱ्या, मग एकीला पाहून दुसरी. शेवंता ओरडून सांगत होती, बसा वं, थोडंसंक बसा. थोड्या वेळानं रस्त्यावर ती आणि तीन-चार जणी उरल्या. तेवढ्यांना कोण आत बोलावणार? पोलिसांनी दोर गुंडाळला.

ही झाली माझी नेहमीची अर्धी गोष्ट. खानावळीत कॉलेजची पोरं राजकारणावर बोलायला लागली की मी ही सांगते. अगदी रंगवून सांगते, गुलाबरावांच्या आवाजात 'लाइट कवाही जातात' म्हणून दाखवते. पोरं हसतात, मग गंभीर होतात. एक अर्थशास्त्राचा मुलगा म्हणाला होता, 'काकू, तुम्ही काय करणार, परमिट त्यांच्या हातात. व्यवस्थाच तशी आहे.' मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? इतकी वर्षं ही गोष्ट सांगते आहे, आणि एकानंही विचारलं नाही की त्या पिठाचं काय झालं. सगळे भाऊसाहेबांवर, मंत्र्यांवर, सरकारवर बोलतात. पिठाचं कोणी विचारत नाही.

विचारलं होतं फक्त एका बाईनं.

दुसऱ्या दिवसापासून बंदोबस्ताचं जेवण माझ्याकडे लागलं. परमिटचा गहू त्याच दिवशी मिळणार होता. मिळाला नाही. उद्या, म्हणाले. इकडे सकाळी शिपाई दारात रांग लावून उभे. रात्रभर थंडीत उभं राहिलेली माणसं, त्यांचा तरी काय गुन्हा? पलंगाखाली पीठ होतं. तवा तापला होता. मी चादर वर केली आणि डबा ओढला.

एक शिपाई भाकरी उलटीपालटी करून म्हणाला, 'बाई, इथंबी लालच का? घरीबी बायको हेच घालते.' सगळे हसले. मीही हसले. मोर्चातल्या बायांना ज्यांनी अडवलं त्यांनी त्या बायांच्या मुठी खाल्ल्या, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. ठाऊक होतं ते मला एकटीला. मनात म्हटलं, गहू आला की तेवढं धान्य भरून शेवंताला पाठवू. खरंच म्हटलं होतं का? तेव्हा वाटलं होतं म्हटलं. आता लिहिताना तेवढी खात्री नाही. कारण गहू दोन-तीन दिवसांनी आला, आणि मी काही भरून पाठवलं नाही. डबे संपत गेले.

मग एका सकाळी शेवंता आली. एकटी नव्हती, उमरेडच्या सात-आठ बाया बरोबर होत्या. मोर्चा फसला होता, पण धान्य तर होतं! टंचाईत मूठ म्हणजे काय ते त्या बायांना विचारा. ज्याचं त्याला परत वाटून द्यावं म्हणून ती न्यायला आली होती. बाया बाहेर गल्लीत उभ्या राहिल्या. शेवंता पडवीत माझ्या चुलीपाशी आली.

'मालती, ज्वारी दे वं. आता काय मोर्चा नाही, ज्याची त्याले वाटून टाकतो.'

बाहेरून एक म्हातारी कुणबीण ओरडली, 'दळली नसंन तं तशीच दे म्हणा, बाई. दळाचे पैसे कोण देते?'

मी शेवटच्या डब्यातल्या पिठाची भाकरी थापत होते. माझे हात कोपरापर्यंत भरलेले होते. विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणणार नाही. वेळ मिळाला. भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, तेवढा वेळ होता. खरं सांगितलं तर काय होईल, हे त्या वेळात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. बाया गल्लीत आरडाओरडा करतील. गुलाबरावांच्या कानावर जाईल. 'कोणाचं धान्य कोणाच्यात मिसळत नाही' हे नाव जाईल, आणि पुढच्या वर्षीचा बंदोबस्त जाईल. मग मी मान वर केली आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हटलं,

'अवं शेवंता, असं काय करते? तूच नं माणूस पाठवला होता त्याच दिवशी? तो घेऊन गेला नं पोती, चक्कीवरून.'

हेच ते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आवाज चढवला नव्हता. विसरभोळ्या माणसाला आठवण करून द्यावी तशा आवाजात बोलले होते. हसतसुद्धा होते बहुतेक.

शेवंता माझ्याकडे बघत राहिली, मग परातीकडे. मुठीमुठीचं पीठ ओळखू येतं हो. लाल, पांढरं, मधे लाखोळीचा पिवळट कण, आणि कणी असली की भाकरीच्या कडा फाटतात. असं पीठ कुठल्या दुकानात मिळत नाही. तिनं स्वतः घरोघर फिरून ते गोळा केलं होतं. बाहेरच्या बायांना गल्लीतून परात दिसत नव्हती. तिला दिसत होती.

'काहून वं, मालती?' ती म्हणाली.

अगदी हळू. फक्त मला ऐकू आलं.

मी भाकरी उलटली.

तिनं परात उचलून बाहेर नेऊन बायांना दाखवायला हवी होती, नाही का? मी कितीदा मनात तिला ती उचलायला लावली आहे. पण दाखवून काय झालं असतं? लाल ज्वारी सगळ्यांच्याच घरी होती. माझ्या शब्दापुढे तिचा शब्द किती टिकला असता? गल्लीत उभ्या होत्या त्यांतल्या आमच्या जातीच्या बायांनी माझं वाक्य ऐकलं आणि लगेच एकमेकींकडे बघितलं. त्या तसं बघतील हे मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सरळ निघालं. समजा तिच्या जागी आमच्या नात्यातली एखादी असती, तर ते खोटं मला सुचलंच नसतं, कारण ते चाललं नसतं. ज्या मुलीबरोबर मी एका लोट्यात हात बुडवला होता, तिच्याविरुद्ध मी आईचा लोटा वापरला. दुसरं काही म्हणता येत नाही.

त्या बाया गेल्या. शेवंता त्यांच्या मागून गेली. येताना ती पुढे होती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, स्टँडजवळ राहिलं की उमरेडचं सगळं कळतंच. शेवंतानं बायांच्या मुठी विकून खाल्ल्या असं झालं. तिच्या वस्तीतल्या काही जणींनी ते मानलं नाही, पण बाकीच्या तिच्यापासून सुटल्या आणि मग त्याही गप्प झाल्या. एकदा बाया सुटल्यावर ठेकेदाराला भीती कसली? त्यानं तिला पान-तंबाखू देणं बंद केलं. दुसऱ्या ठेकेदारानंही दिलं नाही. वर्षभरात ती नवऱ्यासकट भिवापूरला परतली आणि सातऱ्यावर बसली, लहानपणी बसायची तिथंच. उमरेडला छाट चालू राहिली. कोणाच्या डोळ्यांसमोर एकही बिडी मोडली गेली नाही.

भाऊसाहेबांना जे हवं होतं ते त्यांना मोर्चाच्या संध्याकाळीच मिळालं होतं. हे नीट लक्षात घ्या. गुलाबरावांनी माझ्याकडे एकच खोटं मागितलं होतं, लाइट गेल्याचं. तेवढ्यानं त्यांचं काम झालं. शेवंताला चोर ठरवा असं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते त्यांना कधी कळलंही नाही, आणि कळलं असतं तर कदाचित त्यांनाही जड गेलं असतं. ते खोटं मी माझ्या पदरचं घातलं. राजकारण, पैसा, व्यवस्था, पोरं जे काय म्हणतात ते सगळं त्या सकाळी माझ्या पलंगावर बसून चहा पिऊन गेलं, हे खरं आहे. पण शेवंता परत आली तेव्हा पलंग रिकामा होता. चुलीपाशी मी होते.

बंदोबस्ताचं काम मला पुढे बरीच वर्षं मिळालं. त्यावर वरच्या दोन खोल्या झाल्या. गॅसचं कनेक्शन भाऊसाहेबांच्या चिठ्ठीवर लवकर आलं. मुलगी शिकली, शिक्षिका झाली. ती तिच्या वर्गात मुलांना खरं बोलावं म्हणून सांगते, आणि तिच्या फीला कुठलं पीठ लागलं ते तिला ठाऊक नाही. खेड्यांतले मोर्चे मात्र माझ्याकडे जेवायचे हळूहळू बंद झाले. पोती यायची थांबली.

मी भिवापूरची मिरची आणणं सोडलं. गिऱ्हाईक विचारतं, काकू, झुणक्याला पहिल्यासारखा रंग नाही. मी सांगते, भाव फार चढले हो. भाव चढलेले नाहीत. ती मिरची हातात घेतली की देठ कोणी खुडले असतील असं मनात येतं, म्हणून आणत नाही.

भिवापूरची गाडी माझ्या भिंतीपलीकडून सुटते. मी कणीक मळत असते आणि कंडक्टर ओरडतो, उमरेड, भिवापूर, उमरेड, भिवापूर! दिवसातून कितीतरी गाड्या जातात. तिकीट काढून बसायचं, दुपारपर्यंत पोचता येतं. शेवंता आहे, तब्येतीनं बरी आहे असं कळतं. या इतक्या वर्षांत मी त्या गाडीत बसलेले नाही. उद्या बसेन असंही म्हणत नाही. म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल.

तिनं 'काहून' म्हणून विचारलं होतं आणि मी भाकरी उलटली होती. उत्तर तेव्हाही माझ्याकडे होतं. शेवंता, तुमची ज्वारी मी पोलिसांना खाऊ घातली होती, ते काम मला सोडायचं नव्हतं, आणि बाया तुझं नाही, माझं खरं धरतील हे मला ठाऊक होतं.